पन्नास लाखांचा प्रश्न

आमच्या डिपार्टमेंटच्या प्रोजेक्ट लॅबमध्ये एक लोखंडी कपाट आहे. व्हायवा झाला, एक्सटर्नलनी सही केली, ब्लॅक बुक लायब्ररीत जमा झालं, की मॉडेल या कपाटात जातं. मिनी प्रोजेक्टसाठी स्टेपर मोटर शोधताना मी आतल्या वस्तू मोजल्या, तर तीन सलाईन अलार्म निघाले. तीन वेगवेगळ्या बॅचचे! एकात इन्फ्रारेड सेन्सर, एकात लोड सेल आणि तिसऱ्यात लोड सेल अधिक एस.एम.एस. जाण्याची सोय.

सलाईन अलार्म म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातलं कोणी कधी ॲडमिट झालं असेल त्यांना सांगायला नको. रात्री पेशंट झोपतो आणि नातेवाईक स्टुलावर बसून बाटलीकडे बघत राहतात. बाटली संपलेली कळली नाही, तर थेंब थांबतात, रक्त नळीत उलटं येतं, सुईत गोठतं आणि मग पहाटे सिस्टरना दुसरी शीर शोधावी लागते. पेशंटच्या हाताची चाळण होते ती वेगळीच. तेव्हा प्रॉब्लेम खरा आहे, आणि तीनही बॅचेसनी तो सोडवलेलाही आहे. निदान लॅबमध्ये तरी. मग यातलं एकही यंत्र एखाद्या वॉर्डात का लटकत नाही?

याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. सिनिअर्सना विचारलं की एकच शब्द ऐकू येतो, 'फंडिंग'. पण फंडिंग नाही म्हणजे नेमकं काय नाही? मॉडेलचे पार्ट तर हजार-दीड हजारात येतात.

मित्रांनो, हे कोडं असं आहे. एखाद्या कंपनीकडे गेलात तर ती म्हणते, हॉस्पिटलमध्ये चालतं याचा पुरावा आणा. हॉस्पिटल म्हणतं, आधी सर्टिफाइड यंत्र आणा, मग पेशंटला लावू. बँक तारण मागते. आणि कॉलेजला पुढच्या बॅचचे प्रोजेक्ट उभे करायचे असतात. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. मधला जो टप्पा आहे, म्हणजे 'टेबलावर चालतं' पासून 'माणसावर चालतं याची खात्री आहे' पर्यंतचा, त्याचे पैसे कोणीच देत नाही. इंग्रजीत या टप्प्याला 'व्हॅली ऑफ डेथ' म्हणतात. नाव जरा फिल्मी आहे, पण खोटं नाही.

हा टप्पा महाग का पडतो, ते एका साध्या गणिताने कळतं. एम-थ्रीमध्ये प्रोबॅबिलिटी शिकताना "याचा उपयोग काय" असं विचारणाऱ्यांसाठी हे खास. समजा व्हायवाला तुमचा अलार्म दहा वेळा लावला आणि दहाही वेळा बरोबर वाजला. टाळ्या! पण यावरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की त्याच्या चुकण्याचं प्रमाण २६ टक्क्यांपेक्षा कमी असावं. म्हणजे चारातला एक चुकत असला तरी दहाच्या डेमोत तो लपून जाऊ शकतो. सलग शंभर वेळा न चुकता वाजला तर ही मर्यादा ३ टक्क्यांवर येते. १ टक्क्यावर आणायची असेल तर सलग सुमारे ३०० वेळा लागतात. (सोपा नियम असा की ३ ला चाचण्यांच्या संख्येने भागायचं. आकडा लहान असला तर हा नियम थोडा गंडतो.) आता ३०० चाचण्या, वेगवेगळ्या बाटल्या, वेगवेगळे स्टँड, कोणी खाट हलवली, कोणी बाटलीला टॉवेल अडकवला, लाइट गेली, असं सगळं धरून करायचं तर माणसं लागतात, महिने लागतात, हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते. पार्ट हजाराचे, पण खात्री लाखांची.

या खात्रीसाठी सरकारने पैसे द्यावेत, अशी एक कल्पना अमेरिकेत सत्तरच्या दशकात निघाली. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स नावाचे अधिकारी होते. १९७७ साली त्यांनी छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचा प्रयोग सुरू केला. १९८२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च, म्हणजेच एस.बी.आय.आर., ही योजना देशभर लागू झाली. मोठं संशोधन बजेट असलेल्या प्रत्येक केंद्रीय खात्याने त्यातला ठरलेला हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा, असा तो नियम. हा हिस्सा सुरुवातीला अगदी किरकोळ होता, पुढे वाढत जाऊन ३.२ टक्के झाला. आरोग्याच्या क्षेत्रात हे पैसे मुख्यतः एन.आय.एच. या संस्थेमार्फत गेले. छोटी कंपनी म्हणजे तरी किती? पाचशेपर्यंत माणसं. आपल्याकडे पाचशे माणसांच्या कंपनीला कोणी छोटी म्हणणार नाही, पण अनेक ग्रँट दोन-चार जणांच्या कंपन्यांनाही मिळाल्या आहेत.

इथे एका शब्दाशी थोडं थांबते. ग्रँटला मराठीत आपण 'अनुदान' म्हणतो. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे अनुदान हा शब्द मला आधी भेटला तो गॅस सिलिंडरच्या संदर्भात, मग 'विनाअनुदानित' कॉलेजच्या फी-पावतीवर. त्यामुळे ग्रँट म्हणजे सरकारने दिलेली सवलत किंवा मदत, असं डोक्यात पक्कं बसतं. या ग्रँट तशा नाहीत. तुम्ही गरजू आहात म्हणून हे पैसे मिळत नाहीत. सरकार तुमच्याकडून एका प्रश्नाचं उत्तर विकत घेतं: हे चालेल का? उत्तर 'नाही' आलं तरी, काम प्रामाणिकपणे केलं असेल तर पैसे परत मागत नाहीत. हे कर्ज नाही, आणि कंपनीत हिस्साही द्यावा लागत नाही. बाकी कुठलाही गुंतवणूकदार असं करणार नाही.

एस.बी.आय.आर.ची रचनाही या प्रश्नाभोवतीच आहे. पहिल्या फेजमध्ये सहा महिने ते वर्षभरात फक्त शक्यता तपासायची. ती जमली तरच दुसरी फेज, साधारण दोन वर्षांची, ज्यात खरं यंत्र किंवा औषध विकसित करायचं. एन.आय.एच.मध्ये २०२४ च्या सुमारास पहिल्या फेजला सुमारे ३ लाख डॉलर आणि दुसरीला सुमारे २१ लाख डॉलर अशी मर्यादा होती. तिसरी फेज म्हणजे बाजारात उतरणं, आणि तिच्यासाठी या योजनेतून एक पैसाही नाही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. नंतर पटलं. खात्री सरकारच्या पैशाने झाली की माल विकायला खाजगी पैसा यायला हवा. नाही आला, तर लोकांना ती वस्तू नको होती असं समजायचं.

याचं माझं आवडतं उदाहरण टूथब्रशचं आहे. हसू नका. १९८७ साली सिअॅटलमध्ये डेव्हिड जुलियानी हे उद्योजक आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे दोन प्राध्यापक, डेव्हिड एंजेल आणि रॉय मार्टिन, यांनी मिळून एक छोटी कंपनी काढली. कल्पना अशी की ब्रशचे केस इतक्या जलद हलवायचे की तोंडातली लाळ-पेस्ट घुसळली जाऊन जिथे केस पोचत नाहीत तिथलाही थर सुटेल. मिनिटाला सुमारे ३१,००० झटके, म्हणजे मागे-पुढे मिळून एक आवर्तन धरलं तर जवळजवळ २६० हर्ट्झ. म्हणून तर तो ब्रश गुणगुणतो. आता हे खरंच होतं की नुसता आवाजच होतो, हे सिद्ध करायला एन.आय.एच.च्या एस.बी.आय.आर. ग्रँट उपयोगी पडल्या. कंपनी सुरू झाल्यापासून ब्रश बाजारात यायला १९९२ उजाडलं. पाच वर्षं, एका टूथब्रशला! आणि तो पहिल्यांदा दाखवला कुठे, तर हिरड्यांच्या डॉक्टरांच्या अधिवेशनात. जाहिरात नंतर, आधी डॉक्टरांचा विश्वास. २००० साली फिलिप्सने ती कंपनी विकत घेतली, आणि तो ब्रश आज 'सोनिकेअर' म्हणून विकला जातो.

दुसरं उदाहरण आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी. अनुपम पाठक यांनी मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी कंपनं थोपवण्यावर काम केलं होतं. तेच त्यांनी चमच्यात घातलं. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी हा चमचा. मूठ जितकी हलते त्याच्या उलट दिशेला चमच्याचं टोक मोटरने हलतं, म्हणजे घास सांडत नाही. यालाही एन.आय.एच.ची ग्रँट होती. २०१३ मध्ये तो विक्रीला आला आणि २०१४ मध्ये गूगलने कंपनीच घेतली. सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, मोटर, फीडबॅक लूप. यातलं सिलॅबसबाहेरचं काय आहे, सांगा.

मग त्यांच्या अर्जात असं काय असतं जे आपल्या ब्लॅक बुकात नसतं? पहिली गोष्ट म्हणजे लांबी. आपलं ब्लॅक बुक ऐंशी पानांचं, त्यात वीस पानं डेटाशीट. एन.आय.एच.च्या फेज वनमध्ये मुख्य संशोधन आराखडा सहा पानांत बसवावा लागतो, आणि त्याच्या आधी एक पान असतं, 'स्पेसिफिक एम्स' नावाचं. नेमकी उद्दिष्टं. जाणकार सांगतात की अर्ज या एका पानावर तरतो किंवा बुडतो. तज्ज्ञ परीक्षक ९ पैकी मार्क देतात, पण उलटे, १ म्हणजे सर्वोत्तम. बऱ्याच अर्जांची तर बैठकीत चर्चाही होत नाही.

आमच्या कपाटातल्या अलार्मसाठी असं पान लिहायचं झालं तर? ब्लॅक बुकातलं उद्दिष्ट मी पाहिलं. "सलाईनची पातळी ओळखून सूचना देणारी किफायतशीर यंत्रणा तयार करणे." तयार झाली, प्रश्न मिटला. ग्रँटच्या भाषेत हे उद्दिष्टच नाही, कारण ते चुकू शकत नाही. त्याऐवजी असं लिहावं लागेल: काचेची बाटली, प्लास्टिकची बाटली आणि पिशवी, तिन्हींवर मिळून ३०० वेळा चाचणी घेऊ आणि शेवटचे ५० मिलिलिटर उरताना अलार्म एकदाही चुकणार नाही. वॉर्डात रात्रपाळीला लावू आणि एका पाळीत एका खाटेमागे खोटा अलार्म एकापेक्षा जास्त वाजणार नाही. हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण सारखं उगाच केकाटणारं यंत्र सिस्टर तिसऱ्या दिवशी बंद करून ठेवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. असं उद्दिष्ट चुकू शकतं. म्हणूनच त्याला पैसे मिळतात.

आता आपल्याकडे काय? माझा समज होता की हे सगळं अमेरिकेतच. तसं नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्येच एक योजना काढली, तिचं नाव स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह. नाव कुठून आलं ते सांगायची गरज नाही. २०१२ मध्ये याच विभागाने बायरॅक ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट' सुरू झाली. लघुनाम 'बिग'. नवीन कल्पनेची शक्यता सिद्ध करायला १८ महिन्यांत ५० लाख रुपयांपर्यंत. ही रक्कम एकदम हातात पडत नाही. काम ठरल्याप्रमाणे पुढे सरकलं की पुढचा हप्ता. पाच वर्षांहून कमी वयाची कंपनी अर्ज करू शकते, आणि कंपनी नसलेली एकटी व्यक्तीसुद्धा. नाव बायोटेकचं असलं तरी वैद्यकीय उपकरणं यात येतात, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. अर्ज वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, निघतात. मदतीला जी केंद्रं आहेत त्यातली दोन आपल्याच राज्यात: पुण्यात एन.सी.एल.च्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि मुंबईत आय.आय.टी.चं 'साइन'. ५० लाख म्हणजे फारच मोठी उडी वाटत असेल तर केंद्राच्याच विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'निधि-प्रयास' योजना आहे, प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत. आणि उपकरण डॉक्टरांबरोबर बसून घडवायचं असेल तर आय.आय.टी. मुंबईचं 'बेटिक' केंद्र. ते २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून उभं राहिलं. त्याच्या शाखा नागपूरला व्ही.एन.आय.टी.त आणि पुण्याला सी.ओ.ई.पी.तही निघाल्या.

बायरॅकची मदत मिळालेलं एक पुण्याचं यंत्र मला फार आवडतं. आशिष गावडे आणि अनिरुद्ध अत्रे यांच्या जीवट्रॉनिक्स कंपनीचा 'सन्मित्र' डिफिब्रिलेटर. हृदय बंद पडायला आलं की छातीवर शॉक देतात ना, ते यंत्र. हे विजेवर चालतंच, पण वीज नसेल तर हँडल फिरवून चार्ज करता येतं. शॉकसाठी साधारण २०० ज्यूल लागतात. माणूस हाताने हँडल फिरवून पंधरा-वीस वॉट सहज काढू शकतो, म्हणजे हिशेबाने दहा-पंधरा सेकंदांचं काम. गणित दहावीचं आहे. पण ग्रामीण रुग्णालयात बॅटरी मेलेली असते आणि नवी लवकर येत नाही, हे गणितात नसतं, ते तिथे जाऊन बघावं लागतं.

ग्रँट मिळाली म्हणजे जिंकलं, असं मात्र मुळीच नाही. खरी परीक्षा १८ महिन्यांनंतर सुरू होते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे प्रत्येक उपकरण धोक्यानुसार ए, बी, सी, डी अशा वर्गात बसतं. थर्मामीटर बी वर्गात, हृदयाची झडप डी वर्गात. ए आणि बी वर्गाचं उत्पादन करायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं, सी आणि डीसाठी दिल्लीच्या केंद्रीय संस्थेकडे. नुसत्या चाचणीपुरते दहा नग बनवायलासुद्धा वेगळा परवाना लागतो.

परवानगीच्या बाबतीत मुंबईच्या बायोसेन्स कंपनीची गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी 'यूचेक' नावाचं ॲप काढलं. लघवी तपासायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीचा फोनने फोटो काढायचा आणि ॲपने निकाल सांगायचा. पट्ट्या बड्या कंपन्यांच्या, आधीच मंजूर. फोन तर सगळ्यांचाच. तरी मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने त्यांना पत्र पाठवलं की त्या पट्ट्या डोळ्यांनी बघण्यासाठी मंजूर आहेत. फोन बघायला लागला की पट्टी, फोन आणि ॲप मिळून एक नवं यंत्र झालं, आणि त्याची मंजुरी कुठे आहे? सगळे सुटे भाग बरोबर असले तरी जोडणी नवी असते. आपल्यासारख्या मॉड्यूल विकत आणून जोडणाऱ्या मंडळींनी हे नीट ध्यानात ठेवावं.

शिवाय सरकारी पैशाचा एक स्वभाव असतो. तो कायद्यावर आणि बजेटवर अवलंबून. अमेरिकेतला एस.बी.आय.आर. कायदा २०२२ मध्ये तीन वर्षांसाठी वाढवला होता. ती मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली आणि नव्या ग्रँट अडकल्या. पहिली फेज संपवून दुसरीची वाट बघत असलेल्या पाच माणसांच्या कंपनीने पगार कसे करायचे? म्हणून ग्रँट चालू असतानाच गिऱ्हाईक शोधायला लागायचं, असं अनुभवी लोक सांगतात. सलाईन अलार्मचं गिऱ्हाईक कोण, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्रास नातेवाइकांना आणि सिस्टरना, पण चेक सही करणार हॉस्पिटलचा मालक किंवा टेंडर कमिटी. ज्याची झोप उडते तो विकत घेणारा नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण टेक फेस्ट जवळ येतोय. प्रोजेक्टचं पोस्टर लावलं, मॉडेल लोकांना उघडून दाखवलं, की कल्पना 'नवी' राहत नाही, आणि नंतर पेटंट मिळणं अवघड होतं. कायद्यात काही मोजके अपवाद आहेत, पण कॉलेजचा टेक फेस्ट त्यात धरू नका. त्यामुळे काही खरंच वेगळं सुचलं असेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज भरा. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने ऑनलाइन भरला तर फी १,६०० रुपये, आणि सविस्तर अर्जासाठी पुढे बारा महिने मिळतात. भरण्याआधी कॉलेजचा नियम विचारून घ्या की लॅबमध्ये केलेल्या कामावर हक्क कोणाचा, आणि शोध लावणाऱ्यांच्या यादीत गाइडबरोबर चारही जणांची नावं आहेत ना, ते बघा. पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण तिथे जायची गरज पडत नाही.